उंबरठ्यावरचा आरोग्य निरीक्षक : सातारा-सांगलीच्या प्लेगकाळाची शिकवण

पवित्र शास्त्रातील लेवीय या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात घराच्या तपासणीचा एक नियम सांगितला आहे. भिंतीवर चट्टा दिसला, तर घरमालकाने स्वतः याजकाकडे जाऊन ते कळवावे. याजकाने पाहणीस येण्यापूर्वी घरातील सामान बाहेर काढावयास लावावे, म्हणजे घर अशुद्ध ठरले तरी सामान अशुद्ध ठरणार नाही. मालक आपणहून सांगतो आणि तपासणारा त्याचे नुकसान टाळतो, हे या नियमाचे मर्म होय. सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात घरोघर आरोग्य तपासणी सुरू झाली, तेव्हा नेमक्या या मर्माचाच विसर पडला होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. हा रोग प्रथम ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगस हे गोव्याचे कॅथोलिक डॉक्टर होते. मुंबईहून ही साथ पुण्यात व पुढे दक्षिणेकडे पसरली. त्या वेळी तासगाव, वाळवा व खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते, तर सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. आजच्या सांगली जिल्ह्याची निर्मिती १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने झाली. राज्यांच्या सीमा रोगाला ठाऊक नव्हत्या. १८९१ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख २६ हजार होती; १९०१ मध्ये ती सुमारे ११ लाख ४७ हजारांवर आली. प्लेग आणि दुष्काळ या दोन्ही आपत्तींचा हा परिणाम होता.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. घरांची झडती घेणे, रुग्णांना वेगळे ठेवणे व प्रवाशांची तपासणी करणे हे अधिकार सरकारला मिळाले. पुण्यात प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर रँड हे पूर्वी साताऱ्यात असिस्टंट कलेक्टर होते. त्यांच्या काळात गोऱ्या सैनिकांनी स्वयंपाकघरे व देवघरे धुंडाळली. त्यातून उसळलेल्या संतापात २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. लोक रुग्ण लपवू लागले. रुग्ण लपला की साथही लपते आणि आतल्या आत वाढते. भीतीने केलेली तपासणी अशा रीतीने स्वतःचाच हेतू हरवून बसते.

दुसरी अडचण ज्ञानाची होती. रोगाचे मूळ घाण, ओल व दूषित हवा यांत आहे, असे पुष्कळ अधिकारी मानीत. म्हणून भिंतींना चुना आणि जमिनीवर कार्बोलिक ॲसिड हा नित्याचा उपाय असे. खेड्यांतील लोक मात्र वेगळीच खूण सांगत : आधी उंदीर पडतो, मग माणूस. उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालण्याची रीत रूढ झाली. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी उंदरावरील पिसवांकडे बोट दाखविले आणि १९०५ पासून भारतात झालेल्या संशोधनाने ते सिद्ध केले. उंदीर मरून थंड पडला की पिसवा त्याला सोडतात आणि माणसाला चावतात. माळवदाच्या मातीत किंवा कणगीखाली दडलेल्या उंदरापर्यंत भिंतीचा चुना पोहोचत नव्हता; परंतु घर सोडणारा माणूस पिसवांपासून दूर जात होता. लोकांचे निरीक्षण खरे होते. ते ऐकून घेणारे मात्र थोडे होते.

विश्वासाने काम करणारी माणसेही त्याच काळात होती. सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाई फुले पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर वाहून दवाखान्यात आणले आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचे निधन झाले. मिरजेत प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले. लोक तेथे आपल्या पायांनी जात, कोणी त्यांना ओढून नेत नसे.

हा इतिहास आजही आपल्याशी बोलतो. २०१९ व २०२१ मध्ये कृष्णेचा महापूर ओसरल्यावर घराघरांत गाळ साचला. अशा पाण्यातून, उंदरांच्या मूत्रामुळे लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू झाला आणि आशा सेविका दारोदार फिरल्या. काही ठिकाणी त्यांचे स्वागत झाले, तर काही ठिकाणी दारे बंद झाली. आजारी कुटुंबाकडे शेजाऱ्यांनी संशयाने पाहिले, तर ते कुटुंब आजार सांगणार तरी कसे?

म्हणून आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक कुटुंबाने आरोग्यसेविकेला पाणी विचारावे, तिला खरी माहिती द्यावी, गटार उपसणाऱ्या सफाई कामगाराचा मान राखावा आणि आजारी शेजाऱ्याच्या दारात उभे राहावे. कुष्ठरोग्याला बरे करण्यापूर्वी प्रभू येशूने हात पुढे करून त्याला स्पर्श केला होता. आरोग्याच्या प्रत्येक तपासणीत तो स्पर्श असला पाहिजे.