दारें उघडणारें साल : इसवी सन १८४८



सनावळी हा बहुतेकांच्या नावडीचा विषय. परंतु तींत मधूनच एखादें साल असें येतें, कीं जगाच्या निरनिराळ्या भागांत एकाच वेळीं माणसें उठून उभीं राहिलेलीं दिसतात. इसवी सन १८४८ हें असेंच एक साल होय. जानेवारींत सिसिलींतील पालेर्मो शहरीं ठिणगी पडली, आणि मार्च संपण्यापूर्वीं पॅरिस, व्हिएन्ना, बर्लिन, मिलान ह्या नगरांतील रस्ते लोकांच्या ताब्यांत गेले. त्याच सालीं अमेरिकेंतील एका लहान गांवीं स्त्रियांनीं आपल्या हक्कांसाठीं सभा भरविली, आणि त्याच सालीं पुण्याच्या बुधवार पेठेंत मुलींची एक शाळा निघाली. हीं कामें करणारीं माणसें परस्परांना ओळखत नव्हतीं. परंतु त्यांचा प्रश्न एकच होता. सत्तेच्या, कायद्याच्या आणि विद्येच्या घरांत आम्हांला प्रवेश कां नाहीं? ह्या प्रश्नाचें त्या सालीं काय झालें, कोठें दार उघडलें, कोठें तें उघडून पुन्हां लागलें आणि कां लागलें, ह्याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

प्रथम युरोपची स्थिति पाहूं. १८४५ पासून तेथें बटाट्याच्या पिकावर रोग पडूं लागला होता. बटाटा हेंच गरिबांचें मुख्य अन्न. आयर्लंडांत तर त्यामुळें भीषण दुष्काळ पडला. १८४६ सालीं धान्याचेंहि पीक बुडालें. भाकरी महागली, मिळकत सारी पोटाकडे जाऊं लागली, आणि कापडचोपडाला गिऱ्हाईक उरलें नाहीं. कारखाने थांबले, पेढ्या बुडाल्या, शहरोशहरीं बेकारांची गर्दी झाली. परंतु नुसत्या भुकेनें दंगा होतो. राज्यक्रांति होण्यास भुकेच्या जोडीला विचार लागतो. तो विचार वकील, अध्यापक, वर्तमानपत्रकार आणि विद्यार्थी ह्यांच्यापाशीं होता. राज्यकारभारांत आपल्या शब्दाला किंमत नाहीं, हें शल्य ह्या वर्गाला बोंचत होतें. भुकेल्यांचा आणि सुशिक्षितांचा असे हे दोन असंतोष १८४८ सालीं एकत्र आले.

फ्रान्समध्यें राजा लुई फिलिप ह्याच्या अमदानींत मताचा हक्क ठराविक रकमेहून अधिक प्रत्यक्ष कर भरणाऱ्या पुरुषांनाच असे. साडेतीन कोटि वस्तीच्या देशांत असे मतदार सुमारें अडीच लक्ष होते. राजकीय सभांना बंदी, म्हणून सुधारणावाद्यांनीं एक युक्ति काढली. मेजवान्या द्यावयाच्या, आणि जेवणाच्या निमित्तानें होणाऱ्या भाषणांत मताधिकार मागावयाचा! २२ फेब्रुवारीस पॅरिसमध्यें व्हावयाची अशी एक मेजवानी सरकारनें मना केली. लोकांनीं रस्त्यांची फरसबंदी उखडून आणि गाड्या उलथून मोर्चे उभारले. दुसऱ्या दिवशीं रात्रीं सैन्याच्या गोळ्यांनीं कित्येक माणसें पडलीं, आणि २४ तारखेस राजानें गादी सोडून अखेर इंग्लंड गांठलें. प्रजासत्ताकाची घोषणा झाली. सर्व सज्ञान पुरुषांना मत मिळून मतदारांची संख्या सुमारें नव्वद लक्षांवर गेली, आणि २७ एप्रिलच्या हुकुमानें फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी रद्द झाली.

पॅरिसची वार्ता पसरतांच मार्चमध्यें व्हिएन्ना पेटलें. १८०९ पासून ऑस्ट्रियाचें परराष्ट्रकारण आपल्या मुठींत ठेवणारा, आणि युरोपांतील जुन्या राजसत्तांचा आधारस्तंभ मानला गेलेला मेटर्निक हा १३ मार्च रोजीं अधिकार सोडून परागंदा झाला. १५ मार्चला हंगेरींतील पेस्त शहरीं तरुणांच्या जमावानें एका छापखान्याचा ताबा घेऊन आपल्या बारा मागण्या आणि शांदोर पेतोफी ह्या कवीचें राष्ट्रगीत सरकारी तपासनिसाची परवानगी न घेतां छापून वांटलें. १८ मार्चला बर्लिनमध्यें आणि मिलानमध्यें लढाई जुंपली. मिलानच्या नागरिकांनीं पांच दिवसांत ऑस्ट्रियाचें सैन्य शहराबाहेर घालविलें. मे महिन्यांत सर्व जर्मन संस्थानांचे प्रतिनिधि फ्रांकफुर्ट येथील सेंट पॉलच्या देवळांत राज्यघटना तयार करण्यासाठीं जमले. तो वसंतऋतु पाहणाऱ्यास जुनें जग गेलें असें वाटलें असल्यास नवल नाहीं.

मग हें सारें कोसळलें कां? राजांपाशीं तोफा होत्या, हें उत्तर खरें आहे, परंतु अपुरें आहे. तोफा मार्चमध्येंहि होत्याच. त्या मार्चमध्यें चालल्या नाहींत आणि पुढें चालल्या, ह्याचें कारण मधल्या काळांत क्रांतिकारकांची आपसांत फूट पडली. ज्याला आपल्यापुरतें दार उघडून मिळालें, तो आंत जाऊन मागच्या माणसावर तें लोटूं लागला.

पॅरिसमध्यें नव्या सरकारनें बेकारांसाठीं राष्ट्रीय कर्मशाळा काढल्या होत्या. जूनपर्यंत त्यांत एक लक्षाहून अधिक कामकरी दाखल झाले. हा खर्च मध्यम वर्गाला असह्य झाला, आणि कर्मशाळा मोडण्याचा निर्णय होतांच पूर्व पॅरिसमधील कामकरी पुन्हां मोर्च्यांवर गेले. २३ ते २६ जून ह्या चार दिवसांत सेनापति काव्हेन्याक ह्यानें तें बंड निर्दयपणें मोडलें. हजारों माणसें मारलीं गेलीं वा कैदेंत पडलीं. फेब्रुवारींत खांद्याला खांदा लावून लढलेले लोक जूनमध्यें एकमेकांवर गोळ्या झाडीत होते. ह्या कटु अनुभवानंतर १० डिसेंबर रोजीं अध्यक्षाची निवडणूक झाली, तेव्हां सुमारें ५४ लक्ष मतें नेपोलियनचा पुतण्या लुई नेपोलियन ह्याला पडलीं. तीन वर्षांनीं त्यानें प्रजासत्ताकाचा गळा दाबला, आणि १८५२ सालीं तो सम्राट् झाला.

इतरत्रहि तीच कथा. फ्रांकफुर्टचे प्रतिनिधि जर्मनांसाठीं स्वातंत्र्य मागत होते. परंतु पोझेन प्रांतांतील पोल लोकांचा प्रश्न जुलैमध्यें पुढें आला, तेव्हां ह्याच सभेनें बहुमतानें त्यांच्याविरुद्ध कौल दिला. हंगेरियन पुढाऱ्यांना ऑस्ट्रियापासून मोकळीक हवी होती. पण आपल्या राज्यांतील क्रोएट आणि रुमानियन लोकांना ती देण्यास ते राजी नव्हते. सप्टेंबरांत क्रोएट सेनापति येलाचिच हंगेरीवर चालून गेला, आणि बादशहाचें काम सोपें झालें. इटलींत एक्क्याऐंशी वर्षांचा ऑस्ट्रियन सेनापति राडेट्स्की ह्यानें जुलैमध्यें कुस्तोत्सा येथें विजय मिळविला. त्याच्या गौरवार्थ थोरल्या योहान स्ट्राउसनें रचलेलें संचलनगीत ३१ ऑगस्टला व्हिएन्नांत प्रथम वाजलें. तें आजहि आवडीनें वाजविलें जातें. मात्र त्याच सालीं त्याचा मुलगा, धाकटा स्ट्राउस, क्रांतिकारकांसाठीं संगीत रचीत होता, हें पुष्कळांच्या लक्षांत नसतें. ऑक्टोबरच्या अखेरीस तोफांच्या माऱ्याखालीं व्हिएन्ना पडलें, आणि २ डिसेंबरला अठरा वर्षांचा फ्रांत्स योझेफ गादीवर आला.

इंग्लंडांत क्रांति झाली नाहीं. १० एप्रिलला लंडनच्या केनिंग्टन मैदानावर चार्टिस्टांची प्रचंड सभा भरली. सर्व सज्ञान पुरुषांना मत आणि तें मत गुप्त, ह्या त्यांच्या सहा मागण्यांपैकीं दोन. ही सभा शांततेनें पांगली, आणि अर्जावरील कित्येक सह्या बनावट निघाल्यामुळें चळवळीची थट्टा झाली. तरीहि पुढील काळांत त्या सहांपैकीं पांच मागण्या इंग्लंडच्या कायद्यांत आल्या. ह्याच लंडनमध्यें फेब्रुवारीच्या अखेरीस तेवीस पानांची एक जर्मन पुस्तिका छापली गेली होती. तिचे कर्ते कार्ल मार्क्स व फ्रीडरिश एंगल्स हे दोघेहि तिशीच्या आंतले. त्या सालच्या घडामोडींवर कम्युनिस्टांच्या ह्या जाहीरनाम्याचा फारसा परिणाम झाला नाहीं. विसाव्या शतकावर किती झाला, तें सर्वश्रुत आहे.

आतां ह्या सर्व चळवळींकडे एका वेगळ्या बाजूनें पाहूं. पॅरिसचें सार्वत्रिक मत सर्व पुरुषांचें, चार्टिस्टांची मागणी सर्व पुरुषांसाठीं, आणि फ्रांकफुर्टच्या सभेंत स्त्रियांना जागा होती ती प्रेक्षकांच्या सज्जांत! फ्रान्सच्या स्त्रियांना मताचा हक्क मिळाला तो १९४४ सालीं, म्हणजे पुरुषांनंतर शहाण्णव वर्षांनीं. दाराबाहेर उभ्या राहिलेल्यांत सर्वांत मोठी संख्या ह्या अर्ध्या मनुष्यजातीची होती.

तिच्या वतीनें पहिली संघटित सभा न्यूयॉर्क संस्थानांतील सेनेका फॉल्स ह्या गांवीं १९ व २० जुलै रोजीं भरली. तिच्या चालकांपैकीं ल्युक्रेशिया मॉट आणि एलिझाबेथ कॅडी स्टँटन ह्यांची ओळख १८४० सालीं लंडनच्या गुलामगिरीविरोधी परिषदेंत झाली होती. गुलामांच्या मुक्ततेसाठीं भरलेल्या त्या परिषदेनेंच स्त्री-प्रतिनिधींना सभेंत बसूं दिलें नव्हतें. सेनेका फॉल्सच्या सभेपुढें अमेरिकेच्या १७७६ सालच्या स्वातंत्र्याच्या घोषणापत्राच्या धर्तीवर एक जाहीरनामा मांडला गेला. मताधिकाराचा ठराव पुष्कळांना फाजील वाटला. तो मंजूर होण्यास ज्याच्या भाषणाचें मोठें साहाय्य झालें, तो फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामगिरींतून पळून सुटलेला कृष्णवर्णीय पुरुष होता. ६८ स्त्रिया व ३२ पुरुष ह्यांनीं सह्या केल्या. वर्तमानपत्रांनीं टवाळी केल्यावर कांहींनीं आपल्या सह्या परतहि घेतल्या. घटनेनें अमेरिकन स्त्रियांचा मताधिकार मान्य केला तो १९२० सालीं.

युरोपची डाक सुएजमार्गें मुंबईस पोंचावयास त्या काळीं महिन्याहून अधिक दिवस लागत. तेव्हां पॅरिसचें पाहून महाराष्ट्रांत कांहीं घडलें, असें म्हणतां येणार नाहीं. महाराष्ट्राला त्या सालीं स्वतःचेंच दुःख होतें. जानेवारींत डलहौसी हा गव्हर्नर जनरल होऊन आला. ५ एप्रिलला साताऱ्याचे शहाजी महाराज, ऊर्फ आप्पासाहेब, निवर्तले. आणि त्यांनीं घेतलेलें दत्तक नामंजूर करून सातारचें राज्य कंपनी सरकारनें खालसा केलें. अशा दिवसांत, १९ मार्च १८४८ पासून, मुंबईच्या 'प्रभाकर' पत्रांत 'लोकहितवादी' ह्या सहीनें पत्रें येऊं लागलीं. पंचवीस वर्षांच्या गोपाळ हरि देशमुखांनीं हिंदुस्थानांत पार्लमेंट असावें, असा विचार ह्या पत्रांतून मांडला. परंतु त्याबरोबरच आपल्या समाजांतील आळस, भिक्षुकशाही आणि स्त्रियांची दुर्दशा ह्यांवर अधिक कठोर आघात केले. परक्यानें लावलेल्या दाराबरोबर आपण लावलेलें दारहि दाखविणें, हें त्या पत्रांचें वैशिष्ट्य होय.

तें दार प्रत्यक्ष उघडण्याचें काम पुण्यांत झालें. एकवीस वर्षांच्या जोतीराव फुल्यांनीं त्यापूर्वीं टॉमस पेन ह्याचें मानवी हक्कांवरील पुस्तक वाचलें होतें. हें पुस्तक फ्रान्सच्या पहिल्या राज्यक्रांतीच्या समर्थनार्थ १७९१ सालीं निघालेलें. जन्मतःच सर्व माणसांचे हक्क समान, हा त्यांतील सिद्धांत पॅरिसच्या पुढाऱ्यांच्या तोंडींहि होता. जोतीरावांनीं तो आपल्या गांवांतील सर्वांत मागें लोटलेल्यांना लावून पाहिला. मुलींच्या शाळा मिशनऱ्यांनीं पूर्वींच काढल्या होत्या, आणि अहमदनगरची तशी एक शाळा जोतीरावांनीं पाहिलीहि होती. पण पेशवाई जाऊन तीस वर्षेंहि धड उलटलीं नव्हतीं, अशा पुण्यांत हिंदु कुटुंबांतील एका तरुणानें भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा घालावी, आणि सतरा वर्षांच्या आपल्या पत्नीनें, सावित्रीबाईंनीं, शिकविण्यास उभें राहावें, हें धाडस मोठें होतें. वाटेंत शिव्या आणि चिखल-शेण वांट्यास आलें. १८४९ सालीं ह्या दांपत्याला वडिलांचें घर सोडावें लागलें. तरी त्यांनीं दार आपल्यापाशीं थांबविलें नाहीं. मुलींच्या शाळेमागून महार-मांगांच्या मुलांसाठीं शाळा निघाल्या.

वर्षाअखेर कोणी जमाखर्च मांडला असता, तर तो निराशेचाच झाला असता. पण आज पाहतां दोन नोंदी ठळक दिसतात. ऑस्ट्रियांतील कुळांची वेठबिगारी सप्टेंबरांत कायद्यानें गेली ती परत आली नाहीं, आणि फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरीहि लुई नेपोलियनच्या साम्राज्यांत परतली नाहीं. जेथें अगदीं खालच्या माणसापर्यंत दार उघडलें गेलें, तेथें तें लावणें राजांनाहि जमलें नाहीं.

जोतीरावांना अमेरिकेंतील त्या चळवळीचें नातें उमगलें होतें. १८७३ सालीं प्रसिद्ध केलेलें 'गुलामगिरी' हें आपलें पुस्तक त्यांनीं अमेरिकेंतील गुलामांना मुक्त करण्यासाठीं झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलें. परंतु त्याहि पूर्वीं, १८५५ सालीं, 'ज्ञानोदय' पत्रांत महार-मांगांच्या दुःखाविषयीं एक निबंध छापून आला होता. त्यांत धर्माच्या नांवाखालीं आपल्या जातीवर झालेल्या जुलमाचा जाब सरळ शब्दांत विचारलेला आहे. तो निबंध पुढारी वा पंडित म्हणविणाऱ्या कोणाचा नव्हता. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेंत शिकलेली मांग समाजांतील एक मुलगी, मुक्ता, हिनें तो स्वतः लिहिला होता.