पूर्व तिमोर : स्वातंत्र्यानंतरचा हिशेब

२६ ऑक्टोबर २०२५ रोजी क्वालालंपूर येथे भरलेल्या शिखर परिषदेत ‘आसिआन’ या आग्नेय आशियाई राष्ट्रांच्या संघटनेने आपला अकरावा सभासद दाखल करून घेतला. हा सभासद म्हणजे तिमोर-लेस्ते, अर्थात पूर्व तिमोर. प्रवेशाचा अर्ज २०११ मध्ये केलेला होता. तो मंजूर होण्यास चौदा वर्षे लागली. इतक्या लहान व गरीब देशाला सभासदत्वाचा भार पेलवेल काय, अशी शंका संघटनेतील काही जुन्या सभासदांना होती. ती अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. परंतु ‘गरीब’ हे विशेषण या देशाला नेमके कोणत्या अर्थाने लावावयाचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

२०२२ च्या जनगणनेनुसार या देशाची लोकसंख्या साडेतेरा लाखांच्या जवळपास आहे. त्याच्या पेट्रोलियम निधीत २०२३ अखेर सुमारे १८ अब्ज डॉलर शिल्लक होते. रुपयांत सांगायचे तर ही रक्कम दीड लाख कोटींच्या घरात जाते. माणशी हिशेब केला तर प्रत्येक नागरिकाच्या, तान्ह्या मुलासकट, वाट्याला तेरा हजार डॉलर येतात. आणि याच देशात पाच वर्षांखालील जवळजवळ निम्म्या मुलांची उंची अपुऱ्या पोषणामुळे वयाच्या मानाने खुंटलेली आहे. बँकेत ठेव आणि घरात उपासमार, असा हा संसार आहे.

हा देश म्हणजे तिमोर बेटाचा पूर्वार्ध, पश्चिमार्धात एकटाच पडलेला ओएकुसी हा तुकडा आणि राजधानी दिलीसमोरचे आताउरो बेट. एकूण क्षेत्रफळ सुमारे १५ हजार चौरस किलोमीटर. मध्यभागी पर्वतरांग, तिच्यावरून घसरणारी पातळ माती, उत्तरेला शांत समुद्र व दक्षिणेला खवळलेला. ‘तिमुर’ म्हणजे मलय भाषेत पूर्व, आणि ‘लेस्ते’ म्हणजे पोर्तुगीजमध्येही पूर्वच; तेव्हा देशाच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘पूर्वेची पूर्व’ असा होतो. दोन भाषांनी मिळून एकच दिशा दोनदा सांगावी, हे या देशाच्या इतिहासाला साजेसेच आहे.

पोर्तुगीज येथे आले ते चंदनासाठी. सोळाव्या शतकाच्या प्रारंभापासून त्यांची जहाजे या किनाऱ्यावर येऊ लागली. पुढे दीर्घकाळ तिमोरचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. १८४४ मध्ये मकाव व तिमोर ही दोन्ही गोव्यापासून वेगळी काढण्यात आली. साम्राज्याच्या या टोकाच्या वसाहतीकडे लिस्बनने फारसे लक्ष कधीच दिले नाही. डचांशी वाटणी करून बेटाचे दोन भाग झाले, चंदन तोडून संपले, आणि त्याची जागा कॉफीने घेतली.

या कॉफीचा एक धागा थेट भारतापर्यंत येतो. १९२० च्या दशकात तिमोरच्या एका मळ्यात अरेबिका व रोबस्टा या दोन जातींचा नैसर्गिक संकर झालेले झाड आढळले. रोबस्टाच्या अंगचा चिवटपणा त्यात उतरला होता आणि अरेबिकाचे मळे उद्ध्वस्त करणाऱ्या तांबेरा रोगाला ते दाद देत नव्हते. ‘तिमोर संकर’ या नावाने ते जगभर गेले. त्याच्यापासून नव्या जाती निपजल्या. कर्नाटकातील कॉफीच्या मळ्यांत लावल्या जाणाऱ्या कावेरी व चंद्रगिरी या वाणांच्या वंशावळीत हेच झाड आहे. दुसऱ्यांचे मळे तारणाऱ्या या बेटावरील शेतकऱ्याची स्वतःची झाडे मात्र म्हातारी झालेली आहेत आणि त्यांचे उत्पन्न तुटपुंजे आहे. तेल वगळले तर देशाची प्रमुख निर्यात आजही कॉफीच होय.

एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालमध्ये लष्करी क्रांती झाली व वसाहती सोडण्याचे ठरले. २८ नोव्हेंबर १९७५ रोजी ‘फ्रेतिलिन’ या पक्षाने दिलीत स्वातंत्र्य घोषित केले. ते नऊ दिवस टिकले. ७ डिसेंबरला इंडोनेशियाचे सैन्य उतरले. त्यानंतरच्या चोवीस वर्षांचा हिशेब देशाच्या सत्यशोधन आयोगाने पुढे मांडला : या संघर्षापायी किमान एक लाखाच्या आसपास माणसे मेली, आणि त्यांतील बहुसंख्य बंदुकीने नव्हे तर भुकेने व रोगाने मेली. १९७५ च्या सुमारास येथील लोकवस्ती सहा-सात लाखांचीच होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. १२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलीतील सांता क्रूझ दफनभूमीत जमलेल्या तरुणांवर झालेला गोळीबार परदेशी पत्रकारांच्या कॅमेऱ्यात टिपला गेला, तेव्हा कुठे जगाला जाग आली. १९९६ चे नोबेल शांतता पारितोषिक बिशप बेलो व जुझे रामुस-होर्ता यांना मिळाले. ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के मतदारांनी स्वतंत्र होण्याच्या बाजूने कौल दिला. त्याचा सूड म्हणून जाता जाता इंडोनेशियाधार्जिण्या टोळ्यांनी व सैनिकांनी गावेच्या गावे जाळली. २० मे २००२ रोजी संयुक्त राष्ट्रांकडून सत्ता हाती आली तेव्हा राज्याजवळ ना धड शाळा होत्या, ना कचेऱ्या, ना स्वतःचे चलन. अमेरिकन डॉलर हेच चलन तेथे आजही चालते.

होते ते फक्त समुद्राच्या तळाशी. आणि तेही विनासायास मिळाले नाही.

१९७२ मध्ये ऑस्ट्रेलिया व इंडोनेशिया यांनी समुद्रतळाची सीमा ठरविली. ती ऑस्ट्रेलियाला भरघोस लाभ देणारी होती. पोर्तुगालने तसा करार करण्यास नकार दिल्याने तिमोरसमोर ही रेषा तुटलेलीच राहिली. या तुटलेल्या जागेला ‘तिमोर खिंडार’ म्हटले गेले, आणि नेमके तेथेच तेल व वायू होता. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलिया व इंडोनेशिया यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्या समुद्रावरून उडणाऱ्या विमानात बसून हे खिंडार आपसात वाटून घेण्याच्या करारावर सह्या केल्या आणि शॅम्पेनचे प्याले उंचावले. ज्यांचा समुद्र होता ते त्या वेळी डोंगरात लपून लढत होते. २००२ च्या मार्चमध्ये, म्हणजे तिमोर स्वतंत्र होण्याच्या दोन महिने आधी, ऑस्ट्रेलियाने सागरी सीमांच्या वादांत आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा सक्तीचा अधिकार मानण्याचे सोडून दिले. कायद्याची जाण असलेल्या राष्ट्राने ही तारीख योगायोगाने निवडली असे मानण्यास फार मोठा भाबडेपणा हवा. २००४ च्या वाटाघाटींच्या वेळी दिलीतील मंत्रिमंडळाच्या कचेरीत ऑस्ट्रेलियाच्या हेरखात्याने चोरून ऐकण्याची यंत्रे बसविल्याचा आरोपही पुढे बाहेर आला. तो बाहेर आणणाऱ्या माजी अधिकाऱ्यावर आणि त्याच्या वकिलावर ऑस्ट्रेलियाने खटले भरले. वकिलावरील खटला २०२२ मध्ये मागे घेण्यात आला.

तिमोरने हार मानली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यात सक्तीच्या सलोख्याची एक तरतूद होती, जी तोवर कोणी वापरलीच नव्हती. २०१६ मध्ये ती वापरून या चिमुकल्या देशाने ऑस्ट्रेलियाला चर्चेस बसविले. ६ मार्च २०१८ रोजी करार झाला व सीमारेषा बहुतांशी दोन्ही किनाऱ्यांच्या मध्यावर आली.

त्यापूर्वीच बायु-उंदान या क्षेत्रातून तेल-वायूचा पैसा येऊ लागला होता. येथे तिमोरी राज्यकर्त्यांचे मनःपूर्वक कौतुक करावयास हवे. तेल सापडलेल्या बहुतेक गरीब देशांत जे घडते, ते त्यांनी घडू दिले नाही. मारी अल्कातिरी यांच्या सरकारने २००५ मध्ये नॉर्वेच्या धर्तीवर कायदा करून सारा पैसा एका निधीत जमा करण्याची व तो परदेशी रोख्यांत गुंतविण्याची व्यवस्था केली. नियम असा, की जमा झालेली व पुढे जमिनीतून निघेल अशी सर्व पेट्रोलियम संपत्ती एकत्र मोजावी आणि तिच्या तीन टक्के एवढेच दरवर्षी खर्चासाठी घ्यावे. म्हणजे मुद्दल शाबूत राहील व व्याजावर पिढ्यान्‌पिढ्या चालेल.

परंतु त्याच कायद्यात एक फट होती. ‘देशाच्या दीर्घकालीन हितासाठी’ म्हणून संसदेस समजावून सांगितले, तर अधिक रक्कम उचलता येते. २००६ मध्ये सैन्यातील असंतोषातून दिलीत दंगली झाल्या, लाखावर माणसे निर्वासितांच्या छावण्यांत गेली, आणि शांतता विकत घ्यावी लागते हा धडा राज्यकर्ते शिकले. माजी लढवय्यांना निवृत्तिवेतने, रस्ते, विजेची केंद्रे, सरकारी नोकऱ्या यांवर पैसा ओतला गेला. शांतता मिळाली, घरोघर दिवे लागले. हे लाभ खोटे नव्हेत. मात्र अपवाद म्हणून ठेवलेली वाट हमरस्ता बनली. अलीकडे नियमानुसार वर्षाला ५० कोटी डॉलरच्या आसपास उचलावयास हवेत, तेथे साधारणतः त्याच्या दुप्पट उचलले जात आहेत.

शिवाय हा पैसा देशात टिकत नाही, ही बाब अधिक गंभीर आहे. सरकारने खर्च केलेला डॉलर मजुराच्या वा दुकानदाराच्या हाती येतो आणि लगेच आयात तांदूळ, सिमेंट, इंधन यांच्या रूपाने बाहेर जातो. तेलाच्या देशातील वीज आयात केलेल्या इंधनावर चालते! २०११ व २०१२ मध्ये सरकारी खर्चाच्या भराने भाववाढ दहा टक्क्यांच्या वर गेली. चलन डॉलर असल्याने त्याचे मूल्य उतरवून आपला माल परदेशात स्वस्त करण्याचा मार्ग नाही. मजुरी व किंमती शेजाऱ्यांपेक्षा चढ्या राहतात, कारखाने येत नाहीत, आणि डोंगरातील शेतकऱ्याने पिकविलेल्या भातापेक्षा बंदरात उतरलेले पोते स्वस्त पडते. निधीतील पैसा अशा रीतीने शेतीला खत होण्याऐवजी तिच्याशी स्पर्धा करू लागतो.

आता मूळ झराच आटला आहे. बायु-उंदानचा वायू ऑस्ट्रेलियातील डार्विनला जाई. तो आता थांबला आहे. उचल याच गतीने चालू राहिली तर निधी २०३५ च्या सुमारास रिकामा होईल, असे अंदाज आहेत. शानाना गुशमाऊं, पूर्वीचे गनिमी सेनानी व २०२३ पासून पुन्हा पंतप्रधान, यांची सारी भिस्त ‘ग्रेटर सनराइज’ या दुसऱ्या क्षेत्रावर आहे. त्यातील ५६.५६ टक्के हिस्सा तिमोरच्या सरकारी कंपनीने २०१९ मध्ये ६५ कोटी डॉलर मोजून घेतला. वायू नळाने तिमोरच्या दक्षिण किनाऱ्यावर आणावा, तेथे कारखाने उभारावेत, तरुणांना काम मिळावे, ही त्यांची आकांक्षा. क्षेत्र तिमोरला डार्विनहून कितीतरी जवळ आहे, हे खरे. पण मध्ये सुमारे तीन हजार मीटर खोलीची सागरी दरी आहे. २०१८ च्या करारानुसार वायू ऑस्ट्रेलियास नेला तर उत्पन्नाचा ८० टक्के वाटा तिमोरचा आणि तिमोरला आणला तर ७० टक्के. दहा टक्के सोडून देऊन कारखाना आपल्या दारात आणण्याचा हट्ट समजण्याजोगा आहे. परंतु वायूचा कारखाना बांधताना हजारोंना काम देतो आणि चालू झाल्यावर मोजक्यांना, हे अन्य देशांत दिसून आले आहे. तेवढ्या भांडवलाचा एक अंश म्हाताऱ्या कॉफीच्या बागा नव्याने लावण्यात, पाटबंधारे व शाळांत गेला असता, तर आज पन्नाशी ओलांडलेल्या वायुक्षेत्राच्या स्वप्नाकडे डोळे लावून बसण्याची पाळी आली नसती. १९७४ मध्ये सापडलेल्या त्या क्षेत्रातून अद्याप वायू निघालेला नाही.

तरुण मात्र वाट पाहत थांबलेले नाहीत. ते ऑस्ट्रेलियाच्या फळबागांत हंगामी मजुरीला जातात, दक्षिण कोरियात कारखान्यांत जातात. पोर्तुगीज पारपत्र मिळवून उत्तर आयर्लंडमधील मांसप्रक्रियेच्या कारखान्यांपर्यंतही पोचले आहेत. त्यांनी घरी धाडलेला पैसा आता कॉफीच्या निर्यातीहून मोठा आहे. जे मागे राहिले त्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये वेगळेच काही केले. संसदेच्या ६५ सभासदांसाठी नव्या कोऱ्या मोटारी घेण्याचे ठरले होते. दिलीतील विद्यार्थी हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरले. अश्रुधूर सुटला, एक सरकारी गाडी जळाली. मोटारींचा बेत संसदेने सोडून दिला, पण विद्यार्थी घरी गेले नाहीत. माजी सभासदांना मिळणारे तहहयात निवृत्तिवेतनही बंद करा, अशी त्यांची पुढची मागणी होती, आणि महिना संपण्यापूर्वी तो कायदाही रद्द करण्यास संसदेने संमती दिली. या आंदोलकांपैकी बहुतेकांचा जन्म स्वातंत्र्यानंतरचा होता.