मुक्कामांचा हिशेब

पदयात्रेची बातमी होते ती पोहोचल्यावर. मोर्चा कुठे अडवला, निवेदन कुणी घेतलं. मधले मुक्काम कुणी लिहीत नाही, आणि माझ्या मते यात्रा टिकते किंवा मोडते ती तिथंच.

डिसेंबर २०१० मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी व्हावी म्हणून पारोमिता गोस्वामी आणि त्यांच्या ‘श्रमिक एल्गार’च्या पुढाकारानं हजारो बाया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी निघाल्या. १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावाचं हे चिमूर. महिना नागपूरच्या हिवाळी अधिवेशनानं ठरवला खरा, पण झाडीपट्टीतल्या, म्हणजे या धानाच्या पट्ट्यातल्या बाईला त्यातल्या त्यात जमण्यासारखाही तोच होता. धान कापून झालेला, चुरणा तेवढा बाकी. रोवणीच्या दिवसांत अशी हाक दिली असती तर बांधावरून कोण उठलं असतं? मार्च-एप्रिलात मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता. जंगलाच्या कामाला सुट्टी नसते. (ज्या मोहावर घर चालतं, त्याच मोहाची दारू घर मोडते, हा गुंता कोणत्याही कायद्याला सुटलेला नाही.)

हातावर पोट असलेल्या माणसानं चालायचं म्हणजे रोजची मजुरी बुडवायची. म्हणून अशा यात्रेत पहिला प्रश्न घोषणांचा नसतो, तांदळाचा असतो. कोणत्या गावात भात शिजणार, गंज कुणाचे, हातपंपाला पाणी आहे का, शाळेचा व्हरांडा मिळेल का. विदर्भातल्या डिसेंबरच्या थंडीत सतरंजीखाली तणस असलं तर झोप लागते. बायांना पहाटेचे विधी अंधारातच उरकावे लागतात. त्यामुळे यात्रेचं घड्याळ पुढाऱ्यांच्या भाषणापेक्षा यावर जास्त चालतं. डांबरी रस्त्यावर स्लिपर झिजते, टाचांना फोड येतात. आणि घरी? म्हातारी सासू, शेजारीण, थोरली पोरगी यांनी चूल सांभाळलेली असते. त्या न चालताही यात्रेत असतात.

विनोबांनी १९५१ पासून भूदान यात्रेत वर्षानुवर्षं पहाटे चालायला सुरुवात करून दिवसाची शिस्त बसवली. आनंदवनाचे बाबा आमटे १९८५ साली कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ला निघाले, तेव्हा तरुण सायकलींवर होते आणि पाठीच्या दुखण्यामुळे बाबा गाडीत आडवे पडून. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला आलेले शेतकरी दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून रात्रीच चालत आझाद मैदानावर गेले. चालणाऱ्यांनी वेळापत्रक कुणासाठी बदललं, यावरून मला यात्रेचा स्वभाव जास्त कळतो.

चिमूरच्या बाया नागपूरला पोहोचल्या, तरी दारू लगेच बंद झाली नाही. समिती नेमली गेली, ग्रामसभांचे ठराव झाले, पुन्हा मोर्चे निघाले. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपुरात बंदी आली आणि २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली. बंदीच्या काळात चोरटी दारू वाढली, हे त्यासाठी दिलेलं एक कारण. ते खोटं नव्हतं, पण अंमलबजावणी ज्यांच्या हाती होती त्यांनीच ते पुढं करावं हे मला पटलेलं नाही.

शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी अजून आहे. तिथं २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती अभियानाचं काम गावोगावी चालतं. गावातल्या बाया एकत्र येतात, दारूच्या भट्ट्या शोधून मोडतात आणि दुसऱ्या दिवशी धानाच्या कामाला जातात.