किनाऱ्यावरचे तेल आणि बादलीचा हिशोब

28 जानेवारी 2017 च्या पहाटे चेन्नईच्या उत्तरेस, एन्नोरच्या कामराजर बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली. 'बी डब्ल्यू मेपल' हे गॅसवाहू जहाज बाहेर पडत होते आणि 'डॉन कांचीपुरम' पेट्रोलियमचा माल घेऊन आत येत होते. तेल सांडलेच नाही, असे आधी सांगण्यात आले. मग एखाद-दोन टनांची कबुली आली. अखेर तटरक्षक दलाचा अंदाज सुमारे 196 टनांवर गेला. पुढचे कित्येक दिवस वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकली ती प्लास्टिकच्या बादल्यांनी काळा राडा उपसणाऱ्या माणसांची. मंगळावर यान पाठवणारा देश बादलीने तेल उपसतो, अशी थट्टाही झाली.

आमचे मत थोडे वेगळे आहे. दोष बादलीला देण्यापूर्वी तेलाची जात पाहावी लागते.

पेट्रोल सांडले तर उन्हावाऱ्यात उडून जाते, डिझेलही बरेचसे विरते. एन्नोरला सांडले ते जहाजाच्या इंजिनात जाळायचे जड तेल, ज्याला बाजारात फर्नेस ऑइल म्हणतात. ते उडत नाही. लाटा त्यात पाणी घुसळतात आणि त्याची घट्ट, चिकट मलई होते. आकारमान तिप्पट-चौपट वाढते. त्यात वाळू, शेवाळ आणि शहराचा प्लास्टिक कचरा मिसळतो. म्हणजे वहीत 196 टन लिहिले, तरी प्रत्यक्ष उचलायचा माल त्याच्या कितीतरी पट. गटारे उपसणारी यंत्रे तिथे आणली गेली, पण या राड्यापुढे त्यांचे काही चालेना. त्यातून एर्नावूरच्या किनाऱ्यावर धूप थांबवण्यासाठी टाकलेले मोठमोठे दगड होते. तेल त्यांच्या फटींत जाऊन बसले. फटीत हात जातो, यंत्र जात नाही.

मग समुद्रातच का अडवत नाहीत? अडवतात. तरंगते कुंपण टाकून तेल एका जागी कोंडायचे आणि ते ओढून घेणाऱ्या यंत्राने उचलायचे, ही पद्धत जगभर आहे. परंतु प्रवाहाचा वेग एका नॉटच्या आसपास गेला की तेल कुंपणाखालून निसटते आणि लाटा उसळल्या की वरून उडी मारते. खुल्या समुद्रात सांडलेल्या तेलाचा दहा-पंधरा टक्के हिस्सा परत हाती लागला, तरी काम चांगले झाले असे या धंद्यातले लोक मानतात. तेल फोडणारी रसायने ताज्या, पातळ तेलावर चालतात. जड तेलावर त्यांचा प्रभाव थोडा आणि किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात तर ती मासळीलाच मारक.

पैसा ओतल्याने घाई साधते, सफाई साधतेच असे नाही. मार्च 1989 मध्ये अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डेझ' हे टँकर खडकावर चढले आणि सुमारे 37 हजार टन कच्चे तेल सांडले. कंपनीने दोन अब्ज डॉलरांहून अधिक खर्च केला. किनाऱ्याचे दगड गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतले. दगड चकचकीत झाले. पण नंतरच्या पाहणीत दिसले की, धुतलेल्या जागी शिंपले आणि शेवाळ उलट उशिरा परतले. खारफुटीचा प्रश्न तर याहून नाजूक. मुंबई बंदराबाहेर 7 ऑगस्ट 2010 रोजी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-3' यांची टक्कर झाली, सुमारे 800 टन तेल सांडले आणि ते उरण-अलिबागकडच्या किनाऱ्यांपर्यंत पसरले. खारफुटीच्या चिखलात माणसे उतरवली, तर पायांनीच तेल मुळांशी दाबले जाते. तिथे पुष्कळदा हात न लावणे हीच सफाई असते, आणि हे लोकांना पटवणे फार कठीण!

म्हणून आमची तक्रार बादलीविषयी नाही. तक्रार आहे ती पहिल्या दिवसांविषयी. 1996 च्या राष्ट्रीय आराखड्याप्रमाणे समुद्रातले तेल तटरक्षक दलाचे, बंदरातले बंदराचे आणि किनाऱ्यावरचे राज्य सरकारचे. तेलाला मात्र या हद्दी ठाऊक नसतात. किती सांडले हेच नीट न सांगितल्यावर माणसे, पिंपे आणि साठवणीचे खड्डे यांची तयारी कोण कशाच्या भरवशावर करणार? एन्नोरला मच्छीमार आणि विद्यार्थी सुरुवातीला पुरेशा हातमोजांविना त्या विषारी राड्यात उतरले होते. उपसलेला माल ठेवायचा कुठे, हा पुढचा प्रश्न. तो बंदराच्या आवारात नेऊन जिवाणूंच्या साहाय्याने मुरवावा लागला.

डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग वादळाच्या पुरात मनालीच्या रिफायनरीकडचे तेल बकिंगहॅम कालव्यातून एन्नोरच्या खाडीत शिरले. होड्या, जाळी, खारफुटी सारे काळे झाले. उपसायला होते पुन्हा मच्छीमारच.

आता धंद्याची बाजू. मासळीला तेल लागो न लागो, गिऱ्हाईक पाठ फिरवते. मुंबईत 2010 साली हे दिसले, चेन्नईतही दिसले. जहाजाच्या इंधनाने होणाऱ्या नुकसानीसाठी मालकाने विमा उतरवावा असा 2001 चा आंतरराष्ट्रीय करार आहे. तो 2008 पासून अमलात आला. परंतु विमेवाला पुरावा मागतो. रोज किती मासळी आली, लिलावात काय भाव मिळाला, किती दिवस होडी बंद राहिली? छोट्या नाखव्याकडे आणि टोपलीवाल्या बाईकडे याचा एक कागद नसतो. दर पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या वाळूवर डांबराच्या गोळ्या येतात, त्यांची तर कोणी दादही लावून घेत नाही, कारण जहाज कोणाचे हेच कळत नाही.

किनाऱ्यावरच्या आमच्या वाचकांनी निदान बर्फाच्या, डिझेलच्या आणि लिलावाच्या पावत्या वर्षभर जपून ठेवाव्यात. सोसायटीच्या वहीत रोजच्या मासळीची नोंद करावी आणि तेल दिसताच तारीख-वेळेसह छायाचित्र काढून मत्स्य खात्यात लेखी अर्ज द्यावा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये.