पहिलीच्या वर्गातला पसारा

जूनमध्ये पुण्यातल्या हडपसरच्या शाळांत पहिलीचे वर्ग भरतात आणि पेन्सिली, खोडरबरं, डबे बाकांवर पसरतात. 'नीट ठेव' म्हटल्याने सहा वर्षांच्या मुलाला काही उमगत नाही. नीट म्हणजे कुठे, हे त्याला डोळ्यांनी दिसायला हवं. शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये 'बालगृह' ही लहान मुलांची शाळा सुरू केली. त्यांच्या पद्धतीत मुलांचा हात पोचेल अशी बुटकी कपाटं असतात. महागडं सामान मात्र लागत नाही, हे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महाराष्ट्रातल्या कोसबाडला दाखवून दिलं. साधी खोकी घ्या आणि आत काय ठेवायचं ते कळावं म्हणून खोक्यावर शब्दाऐवजी चित्र चिकटवा. वर्ग दोन पाळ्यांत भरत असेल, तर प्रत्येक पाळीच्या गटाला एक टोपली द्या. आणि घंटेआधीची पाच मिनिटं आवराआवरीसाठी राखा. बाईंनी स्वतः आवरायचा मोह कटाक्षाने टाळावा.