क्रूझ कंट्रोल : साधं, अ‍ॅडॅप्टिव्ह की ‘स्टॉप अँड गो’?

समृद्धी महामार्गाने मुंबई ते नागपूर अंतर ७०१ किलोमीटर, कारसाठी वेगमर्यादा ताशी १२०. एवढा वेळ अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून पोटऱ्या दुखतातच. म्हणून गाडी घेताना ‘क्रूझ आहे ना?’ असं आपण विचारतो. पण कोणतं क्रूझ, हे विचारायचं राहून जातं.

साध्या क्रूझला फक्त वेग कळतो. १०० वर लावलं की चढावर इंजिनाचा जोर वाढवून, सपाटीवर कमी करून ते १०० राखतं. तीव्र उतारावर मात्र वेग त्याहून वर जाऊ शकतो. पुढे ट्रक आहे की मोकळा रस्ता, याचा त्याला पत्ताच नसतो. ब्रेक तुम्हीच मारायचा. तो दाबताच क्रूझ सुटतं. गंमत म्हणजे हे तंत्र शोधणारे अमेरिकी अभियंते राल्फ टीटर स्वतः दृष्टिहीन होते. १९५० मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि १९५८ च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये ते बसवलं गेलं.

‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ क्रूझ रडार किंवा कॅमेऱ्याने, काही गाड्यांत दोन्हींनी, पुढची गाडी पाहतं. ती हळू झाली की तुमची गाडीही हळू होते, गरज पडली तर ब्रेक लावते. किती अंतर ठेवायचं ते बटणावर ठरवता येतं. यातल्या काही गाड्यांत वेग फार कमी झाला की क्रूझ सुटतं. ‘स्टॉप अँड गो’ असेल तर गाडी पूर्ण थांबते आणि पुन्हा निघते. पुण्या-मुंबईच्या कोंडीत खरा उपयोग याचाच.

इथेच गफलत होते. पुढची गाडी हलती असेल तर रडार तिला सहज पकडतं. पण कठडे, फलक, पूल यांना पाहून गाडीने उगाच ब्रेक लावू नये, म्हणून अनेक यंत्रणांत स्थिर वस्तूंकडे दुर्लक्ष केलेलं असतं. समजा, पुढची कार अचानक लेन बदलते आणि समोर बंद पडलेला ट्रक उभा असतो. रात्री तर टेललॅम्पही नसतो. अशा वेळी गाडी स्वतःहून थांबेलच, याची खात्री नाही. अनेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येच हा इशारा असतो, पण मॅन्युअल वाचतो कोण?

घाटात आणि ओल्या रस्त्यावर कोणतंही क्रूझ लावू नका. बंपरवरच्या रडारवर चिखल बसला तर अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ बंदही पडतं, त्यामुळे पावसाळ्यात निघण्यापूर्वी तिथे एकदा फडकं मारा.