वजनाचा काटा आणि गर्भधारणा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अपत्यप्राप्तीला विलंब होऊ लागला की घरात आणि नात्यागोत्यात ज्या कारणांची चर्चा सर्वांत आधी सुरू होते, त्यांत स्त्रीच्या अंगकाठीचा क्रमांक बराच वरचा असतो. ती अंगाने भरलेली असेल तर ‘चरबीमुळे दिवस राहत नाहीत’ असे म्हटले जाते, आणि सडपातळ असेल तर ‘अंगातच काही नाही, गर्भ धरणार कसा’ असे. दोन्ही विधानांत सत्याचा अंश आहे, परंतु तो जिथे आहे असे समजले जाते तिथे नाही. वजनाचा गर्भधारणेशी संबंध आहे आणि तो बऱ्याच अंशी मोजलाही गेला आहे. मात्र हा संबंध संप्रेरकांच्या, म्हणजे रक्तावाटे एका अवयवाचा संदेश दुसऱ्या अवयवाला पोहोचवणाऱ्या द्रव्यांच्या, मार्गाने घडतो, आणि काट्यावरचा आकडा त्या व्यवहाराची केवळ ढोबळ कल्पना देतो.

सर्वांत रूढ समजूत अशी की, वजन वाढले म्हणजे गर्भपिशवीवर किंवा नळ्यांवर चरबी चढते आणि वाट बंद होते. शरीरात असे काही घडत नाही. बीजवाहक नलिका बंद होतात त्या मुख्यतः जंतुसंसर्गामुळे, आणि भारतात त्यामागे जननमार्गाचा क्षयरोग हे एक महत्त्वाचे कारण असते, ज्याचा वजनवाढीशी काहीही संबंध नसतो. चरबीचा परिणाम होतो तो निराळ्या वाटेने. चरबीचा साठा ही निष्क्रिय वस्तू नसून ती संप्रेरके तयार करणारी ऊती आहे. तिच्यातील ॲरोमॅटेज नावाचे विकर पुरुषी संप्रेरकांचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते, आणि विशेषतः पोटाभोवतीची चरबी वाढली की इन्सुलिनला शरीर दाद देईनासे होते, ज्याला ‘इन्सुलिन-प्रतिरोध’ म्हणतात. मग रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्यासाठी स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते, हे जादा इन्सुलिन बीजकोशाला अधिक पुरुषी संप्रेरके बनवण्यास उद्युक्त करते, आणि त्याच वेळी ती संप्रेरके बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी तयार होते. या सर्वांचा परिणाम असा की, बीजकोशातील बीजपुटके अर्ध्या वाढीवर अडकतात आणि दरमहा एक पक्व बीज बाहेर पडण्याची क्रिया, म्हणजे बीजमोचन, अनियमित होते किंवा थांबते.

अर्ध्यावर अडकलेल्या या पुटकांनाच सोनोग्राफीच्या अहवालात ‘सिस्ट’ म्हटले जाते आणि घरी त्याचे ‘गाठी’ होते, ज्याने उगाच घबराट पसरते. त्या अर्बुदाच्या गाठी नसतात. पाळीची अनियमितता, वंध्यत्व आणि बीजकोशातील ही पुटके यांचा एकत्रित उल्लेख शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी 1935 मध्ये केला, आणि आज हाच विकार पीसीओएस किंवा बोलीत पीसीओडी म्हणून ओळखला जातो. तो फक्त स्थूल स्त्रियांना होतो ही समजूत चुकीची आहे. 2003 मध्ये रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांनुसार अनियमित बीजमोचन, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील विशिष्ट चित्र या तिहींपैकी दोन गोष्टी आढळल्या तर निदान होते, आणि या तिहींत वजनाचा उल्लेखही नाही. सडपातळ स्त्रियांतही हा विकार आढळतो आणि वजन ठीक आहे म्हणून त्यांचे निदान अनेकदा लांबते.

वजन जास्त असताना पीसीओएस असेल तर मूळ वजनाच्या 5 ते 10 टक्के इतकी घटही अनेक स्त्रियांत पाळी आणि बीजमोचन पूर्ववत करण्यास पुरते, असे 1990 च्या दशकापासून दिसत आले आहे. 80 किलोच्या स्त्रीसाठी हे 4 ते 8 किलो झाले. तिला लग्नातल्या मापावर परत जावे लागत नाही. उलट बाजूने, वजन उतरल्याखेरीज औषधे लागूच पडत नाहीत हाही समज टिकत नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत पीसीओएस असलेल्या 750 स्त्रियांना, ज्यांचा सरासरी बीएमआय 35 च्या आसपास होता, बीजमोचनासाठी लेट्रोझोल किंवा क्लोमिफीन ही औषधे जास्तीत जास्त पाच मासिक चक्रे देण्यात आली, आणि लेट्रोझोलच्या गटात 27.5 टक्के, तर क्लोमिफीनच्या गटात 19.1 टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. या स्त्रिया बारीक झाल्या नव्हत्या. त्यांचे बीजमोचन झाले होते.

बीएमआय, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, हाही गैरसमजांचा एक स्रोत आहे. त्याची कल्पना बेल्जियन गणिती आदोल्फ केतले यांनी 1830 च्या दशकात मांडली ती लोकसमूहांच्या अभ्यासासाठी, रुग्णाच्या तपासणीसाठी नव्हे, आणि त्याला आजचे नाव ॲन्सेल कीज यांनी 1972 मध्ये दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण वर्गीकरणात 25 पासून जादा वजन आणि 30 पासून स्थूलता धरली जाते, तर भारतीयांसाठी तज्ज्ञांनी या मर्यादा 23 आणि 25 अशा खाली आणल्या आहेत. 155 सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे वजन 60 किलो असेल तर तिचा बीएमआय जेमतेम 25 भरतो, म्हणजे परदेशी तक्त्यात ती सीमेवर आणि भारतीय तक्त्यात स्थूलतेच्या उंबरठ्यावर असते. आंतरजालावरचा कोणताही तक्ता पाहून निश्चिंत किंवा हवालदिल होणारे जोडपे हा फरक क्वचितच लक्षात घेते.

हा फरक का करावा लागला, याचे उत्तर शोधण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे शेजारी-शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध केले, दोघांचा बीएमआय 22.3 असा अगदी सारखा होता, पण युडकिन यांच्या शरीरातील चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरातील 21.2 टक्के होती. त्याआधी याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांच्या अभ्यासातून दाखवले होते की, तिथली नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी असली तरी त्यांची चरबी त्या मानाने राखलेली असते, आणि कमतरता स्नायूंत व पोटातील अवयवांत असते. काटकुळे हातपाय आणि पुढे आलेले पोट अशा शरीरयष्टीची स्त्री वजनाच्या तक्त्यात उत्तीर्ण होऊनही इन्सुलिन-प्रतिरोधाने ग्रस्त असू शकते. म्हणून भारतीय स्त्रीच्या बाबतीत कमरेचा घेर 80 सेंटिमीटरपेक्षा अधिक आहे काय, हा प्रश्न वजनाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो. मापपट्टी काट्यापेक्षा स्वस्तही आहे.

कमी वजनाविषयीच्या समजुतींना लोकप्रिय लेखनात फारशी जागा मिळत नाही, आणि भारतात ही उणीव विशेष जाणवते, कारण 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 15 ते 49 वयोगटातील 24 टक्के स्त्रिया जादा वजनाच्या असताना 18.7 टक्के स्त्रियांचा बीएमआय 18.5 च्या खाली होता. उपलब्ध ऊर्जा फारच कमी असेल तर मेंदूतील अधश्चेतक नावाचा भाग बीजकोशाकडे जाणाऱ्या संदेशांची साखळी मंदावतो, कारण गर्भ आणि नंतर स्तनपान यांचा खर्च पेलण्याची शाश्वती त्याला दिसत नाही. 1944–45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला तेव्हा नऊ महिन्यांनंतरच्या जन्मसंख्येत मोठी घट दिसली. अमेरिकी शास्त्रज्ञ रोझ फ्रिश यांनी 1974 मध्ये पाळी सुरू होण्यासाठी आणि टिकण्यासाठी शरीरात चरबीचे किमान प्रमाण लागते असा सिद्धांत मांडला, ज्यातील नेमक्या टक्केवारीवर पुढे वाद झाले. पण चरबी मेंदूला आपला साठा कळवते हे 1994 मध्ये लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागल्यावर स्पष्ट झाले, आणि दहा वर्षांनी एका छोट्या अभ्यासात, अतिव्यायाम किंवा कमी वजनामुळे पाळी थांबलेल्या काही स्त्रियांना लेप्टिन दिल्यावर त्यांचे बीजमोचन पुन्हा सुरू झाले. मुळातच शिडशिडीत बांधा असलेल्या आणि पाळी नियमित येणाऱ्या स्त्रीने मात्र केवळ दिवस राहावेत म्हणून तूप-लाडवांचा मारा करून घेण्याचे कारण नाही. तिच्या बीजकोशाने आपला निर्वाळा आधीच दिलेला असतो.

वजन आणि पोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुंबईतील एका अभ्यासाने चांगले दाखवले. तिथल्या वस्त्यांतील हजारो स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांपासून बनवलेला अल्पोपाहार रोज देण्यात आला. बाळांच्या जन्मवजनात एकूण फारसा फरक पडला नाही, आणि सर्वांत बारीक स्त्रियांना तर त्याबाबत लाभ दिसलाच नाही; परंतु तपासणी झालेल्या स्त्रियांत गर्भावस्थेतील मधुमेहाचे प्रमाण तुलनागटातील 12.4 टक्क्यांऐवजी 7.3 टक्के राहिले. याच कारणाने उपासमारीवजा ‘डाएट’ करून गर्भधारणेची तयारी करणे उलटे पडू शकते. बाळाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा पाया असलेली चेतानलिका गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत, म्हणजे बहुतेकदा पाळी चुकल्याचे ध्यानात येते त्याच सुमारास, बंद होते. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी गर्भ राहण्यापूर्वीच सुरू करावी लागते, आणि शाकाहारी स्त्रीने बी-12 जीवनसत्त्वही तपासून घेणे श्रेयस्कर असते.

आता ज्या सल्ल्याने सर्वाधिक वेळ वाया जातो तो सल्ला : ‘आधी वजन कमी करा, मग उपचारांचे पाहू.’ तो तर्कशुद्ध वाटतो, पण त्याची परीक्षा झाली तेव्हा निकाल अपेक्षेहून निराळा आला. नेदरलँड्समधील 2016 च्या चाचणीत 29 किंवा अधिक बीएमआय असलेल्या 577 वंध्यत्वग्रस्त स्त्रियांपैकी निम्म्यांना सहा महिने आहार-व्यायामाचा कार्यक्रम देऊन मग उपचार दिले गेले आणि उरलेल्यांवर लगेच उपचार सुरू झाले. दोन वर्षांत पूर्ण दिवसांच्या, निरोगी एकल बाळाची नैसर्गिक प्रसूती पहिल्या गटात 27.1 टक्के, तर दुसऱ्या गटात 35.2 टक्के स्त्रियांची झाली. कार्यक्रम करणाऱ्यांत आपोआप दिवस राहण्याचे प्रमाण अधिक होते, ही दुसरी बाजूही सांगायला हवी. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत आयव्हीएफपूर्वी कडक आहाराने सरासरी 9 किलोंहून अधिक वजन उतरवलेल्या स्त्रियांच्या आणि तसे न करणाऱ्यांच्या जिवंत जन्मांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. स्थूलतेत गर्भपात, गर्भावस्थेतील मधुमेह आणि रक्तदाब यांचा धोका वाढतो यात शंका नाही, आणि तिशीच्या आतल्या, बीजमोचन न होणाऱ्या स्त्रीने काही महिने वजनावर खर्च करणे योग्यच ठरते. पण अडतिसाव्या वर्षी तेच काही महिने बीजांच्या घटत्या संख्येतून आणि गुणवत्तेतून वजा होतात, आणि ते पुन्हा मिळवता येत नाहीत. पाळी नियमित असूनही फारच जास्त वजनाने शक्यता काहीशी घटते, पण ती किती, हेही ठाऊक असावे : डच जोडप्यांच्या एका मोठ्या अभ्यासात बीएमआय 29 च्या वर प्रत्येक एककामागे आपोआप दिवस राहण्याची शक्यता सुमारे 5 टक्क्यांनी कमी आढळली, म्हणजे ती घटली, शून्य झाली नाही.

वजन उतरवण्याची नवी इंजेक्शने भारतात 2025 मध्ये अधिकृतपणे उपलब्ध झाल्यापासून या प्रश्नाला एक नवी बाजू आली आहे. सेमाग्लुटाइड घेणाऱ्या स्त्रीने गर्भधारणेच्या प्रयत्नापूर्वी किमान दोन महिने ते थांबवावे असे उत्पादकाच्या माहितीपत्रकातच म्हटलेले असते, आणि टिर्झेपॅटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव कमी होऊ शकतो. वजन उतरून बीजमोचन सुरू झालेल्या स्त्रीला हे ठाऊक नसेल तर नको त्या वेळी दिवस राहू शकतात. जठराचा आकार लहान करणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर तर साधारण वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो, कारण वेगाने वजन उतरत असताना पोषकद्रव्यांची कमतरता निर्माण होते.

आणि या सगळ्या चर्चेत पुरुषाचे पोट कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषातील दोष एकमेव किंवा अंशतः कारणीभूत असतो, आणि स्थूल पुरुषात चरबीतील तेच ॲरोमॅटेज विकर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन करून वृषणांना मिळणारा संदेश मंदावते. त्याहून घातक ठरतो तो पिळदार शरीरासाठी घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनचा किंवा तत्सम स्टेरॉइडचा मार्ग : बाहेरून हे संप्रेरक मिळाले की मेंदू वृषणांना संदेश देणे थांबवतो आणि शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ बंद पडते, इतकी की पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून या इंजेक्शनांच्या चाचण्या जागतिक आरोग्य संघटनेने घेतल्या होत्या. व्यायामशाळेत घडवलेले देखणे शरीर हा प्रजननक्षमतेचा पुरावा नव्हे. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे सुधारणेचा परिणामही तितक्या अवधीनंतरच दिसू लागतो, आणि स्टेरॉइड थांबवल्यावर तर त्याहून बराच अधिक काळ जातो.

प्रयत्नांचे एक वर्ष उलटले, किंवा स्त्रीचे वय 35 च्या पुढे असून सहा महिने झाले, तर वजन काहीही असो, दोघांनी एकत्र तपासणीला जावे. पाळी दोन-दोन महिने येत नसेल तर तेवढेही थांबू नये. वीर्यतपासणी ही सोपी, वेदनारहित आणि तुलनेने स्वल्पखर्चाची असते, आणि स्त्रीला व्यायामशाळेचे वर्षभराचे शुल्क भरायला लावण्यापूर्वी ती झालेली असावी.